नवा पत्ता आणि हरवलेलं बेट

३ मार्च, सोमवार

आज माझी स्वतःची लॅब सुरू झाली. लॅब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरे उंदीर येतात. माझ्याकडे प्लास्टर, मेण, पॉलिशची मोटर आणि एक जुनी पण धडधाकट भट्टी आहे, नि खालच्या मजल्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान. मी दात बनवते. कवळ्या, कॅप, ब्रिज. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्या मापात माणसाचं हसू बसवून परत पाठवतो. इतकी वर्षं हे दुसऱ्याच्या लॅबमध्ये केलं, आजपासून स्वतःच्या.

जुन्या लॅबच्या साहेबांनी शुक्रवारी निरोपाचा चहासुद्धा विचारला नाही. "जा, पंख फुटलेत तुला," एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवून भट्टीचं तापमान बघत राहिले. भट्टी बंद होती. एवढा राग!

नवरोबा कामावरून सुटून पाटी लावायला आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे कुठलीही गोष्ट ओळंब्यात नसली की त्याला चैन पडत नाही. पाटी लावली, उतरवली, परत लावली, खालच्या सायकलवाल्याला रस्त्याच्या पलीकडून बघायला लावलं. पाटीवर नाव, फोन आणि माझा नवाकोरा ईमेल. जुना ईमेल साहेबांच्या लॅबचा होता, तो त्यांच्याकडेच राहिला. घरी आल्यावर आईंना, म्हणजे सासूबाईंना, नवा पत्ता मोठ्याने वाचून दाखवला, कागदावर लिहूनही दाखवला.

"मध्येच ही गोगलगाय कशाला बसवलीय?" त्यांनी @ वर बोट ठेवून विचारलं.

दिवसभरात आलेलं काम: शून्य. पण भिंतींचा रंग सुरेख दिसतोय.

५ मार्च, बुधवार

फोन वाजला! कुणाच्या तरी सायकलचं पंक्चर होतं.

रिकामं बसवेना म्हणून सगळीकडे नवा ईमेल देऊन टाकला. बँक, वीज, विमा, लायब्ररी. शेवटी टीव्हीच्या खोक्यालाही.

ह्या खोक्याबद्दल लिहून ठेवायला हवं, नाहीतर पुढे कधी वाचताना मलाच वाटेल की बाई खुळी होती. मागे आईंचं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, बोटं हलती ठेवा. दाबायला रबरी चेंडू दिला, तो आईंनी फ्रीजखाली ढकलला आणि सापडत नाही म्हणून सांगितलं. मग मी टीव्हीला जोडायचा गेमचा खोका आणला. केवळ त्यांच्या बोटांसाठी. मला स्वतःला असल्या गोष्टींत काही रस नाही.

तर आम्ही दोघींनी मिळून एक बेट वसवलंय. दीपगृह आहे, बोटीचा धक्का आहे, संत्र्यांची बाग आहे आणि एक बोकड आहे. त्याला आई 'मॅनेजर' म्हणतात, कारण तो काहीच करत नाही आणि सगळीकडे असतो. आई बांधकाम बघतात, मी मासे पकडते आणि बोट चालवते. त्यापूर्वीची सगळी वर्षं आमच्या दोघींत "दूध उतू जातंय" आणि "तुझा फोन वाजतोय" ह्यापलीकडे फारसं बोलणं नव्हतं. भांडण नव्हतं हं. भांडायलासुद्धा काहीतरी बोलावं लागतं. आता संध्याकाळी आम्ही दोघी घर डोक्यावर घेतो. "अगं डावीकडे, डावीकडे! गेली बोट खडकावर!" नवरोबा कानात कापूस घालून जेवण गरम करतो.

७ मार्च, शुक्रवार

बेट गेलं.

चहा घेऊन बसलो, खोका सुरू केला, तर पडद्यावर फुगे उडाले. 'स्वागत आहे! तुमचा पहिला खेळ निवडा.' पहिला? आम्ही विकत घेतलेले सगळेच्या सगळे खेळ, आगगाड्यांचा, कोड्यांच्या हॉटेलचा, आईंचा तो आवडता विणकामाचा, प्रत्येकासमोर कुलूप आणि 'विकत घ्या'. बेटाच्या चित्रावरही कुलूप. आमच्याच बेटावर उतरायला आम्हालाच तिकीट!

"तू काय दाबलंस?" आई म्हणाल्या.

"काही नाही."

"काहीतरी दाबलंस."

नवरोबाने खोका उचलून हलवून पाहिला. "बंद करून चालू करून बघा," म्हणाला. लिफ्टलाही तो हेच करतो की काय, मला शंका आहे.

शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परवा ईमेल बदलताना मी भलत्याच दारातून आत शिरले. त्यांनी माझा पत्ता बदललाच नाही. मला नवीनच बाई समजून नवीन खातं उघडून दिलं. खेळ सगळे जुन्या खात्यात. आणि जुन्या खात्यात शिरायचं तर जुन्या ईमेलवर सहा आकडे येतात, ते लगेच टाकावे लागतात. जुना ईमेल साहेबांच्या टेबलावर.

आई कप उचलून आत गेल्या. त्यांच्या बोटांची मला काळजी वाटते.

९ मार्च, रविवार

कंपनीच्या मदत विभागाशी लिहून बोलले. संभाषण इथे उतरवून ठेवते, म्हातारपणी हसायला.

मी: जुना ईमेल माझ्याकडे राहिलेला नाही.

ते: तुमची अडचण आम्ही समजू शकतो. कृपया जुन्या ईमेलवर आलेला कोड टाका.

मी: तोच तर नाही माझ्याकडे.

ते: काही हरकत नाही! आम्ही जुन्या ईमेलवर नवीन कोड पाठवला आहे.

मी: तुम्ही माणूस आहात का?

ते: छान प्रश्न!

मी चिडून 'कोड पाठवा' हे बटण किती वेळा दाबलं कोण जाणे. काल दाबलं, परवा दाबलं, आज सकाळी दात घासतानाही दाबलं. काय सांगावं, एखादा चुकून माझ्याकडे यायचा.

आई शेजारी बसून बघत होत्या. "साहेबांना फोन कर की. पाच मिनिटांचं काम."

"मुळीच नाही. ज्यांनी चहा विचारला नाही त्यांच्यापाशी मी बोकड मागायला जाऊ?"

"बोकड नाही, कोड."

"तेच ते."

१२ मार्च, बुधवार

पहिलं काम आलं! कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक दाढ पाठवली. एकच, मागची, कुणाला दिसणारही नाही अशी. पण मी तिच्यावर अशी मेहनत घेतली, जणू ती दाढ उद्या व्यासपीठावर भाषण करणार आहे. डॉक्टरीणबाईंचा संध्याकाळी फोन: "जागेवर टक्कन बसली हो!" ते 'टक्कन' मी तेव्हापासून मनात घोळवतेय.

ही बातमी आईंना कधी सांगते असं झालं होतं. घरी आले तर त्या बातम्या बघत होत्या. मीही बघितल्या. कुठेतरी पूल बांधला गेला होता, कुठेतरी पडला होता. "दाढ टक्कन बसली," मी म्हटलं. "छान," त्या म्हणाल्या. मग पुन्हा पूल. बेटावर असतो तर ही बातमी कशी रंगली असती! हातात काही नसलं की मला त्यांच्याशी बोलता येत नाही आणि त्यांना माझ्याशी.

नंतर त्या आतल्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होत्या. दार उघडंच होतं, मी काही कान देऊन ऐकलं नाही. "छे गं, मला कुठे त्या खेळाचं वेड! तिच्यासाठी बसायचे मी. दिवसभर दातांशी बोलते बिचारी, संध्याकाळी कुणीतरी हवं ना शेजारी ओरडायला."

म्हातारपणी माणसं बाजू किती सराईतपणे सावरतात! मी नुसती हसले. राहू दे त्यांचा मान.

१५ मार्च, शनिवार

आज आई लॅब बघायला आल्या. जिना चढून, मध्ये सायकलवाल्याच्या स्टुलावर टेकून, त्याला चेन कशी साफ करावी हे सांगून. जुन्या लॅबमध्ये इतकी वर्षं होते, त्या एकदाही आल्या नव्हत्या. मी कधी बोलावलं नव्हतं म्हणा.

खिडकीपाशी बसवलं. मी मेणात एक सुळा कोरत होते. त्या माझ्या हातांकडे बघत म्हणाल्या, "मी एक्स्चेंजमध्ये होते तेव्हा असंच व्हायचं. हात आपले आपण चालायचे." लग्नाआधी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, हे मला ठाऊक होतं, पण जन्मतारीख ठाऊक असते तसं. आज म्हणाल्या की दोन माणसं अबोला धरून बसली असली तर लाइन देताना आवाजावरूनच कळायचं. "मग मी मुद्दाम खरखर आहे म्हणायचे आणि त्यांना एकमेकांशी मोठ्याने बोलायला लावायचे. मोठ्याने बोलताना माणसाला रुसता येत नाही." मी इतकी हसले की सुळ्याचं टोक गेलं.

दातांच्या छटांची पट्टी त्यांच्या हातात दिली. पिवळट, राखी, दुधाळ. एकेक खिडकीशी धरून त्यांनी सगळ्या नातेवाइकांचे दात ओळखले. "हा तुझ्या मोठ्या नणंदेचा. चहा सोड म्हणावं."

निघताना साहेबांची लॅब कुठे, किती वाजता उघडते, दुपारी कुणी असतं का, असं सगळं विचारत होत्या. सांगितलं. माझ्या कामात त्यांना रस वाटायला लागलाय, बरं वाटलं.

१८ मार्च, मंगळवार

आईंची कवळी दुखतेय.

माझ्या हातची कवळी! त्यांची कवळी मी साहेबांच्या लॅबमध्ये असताना बनवली होती, आणि आजवरचं माझं सगळ्यात देखणं काम आहे ते. "दाखवा," म्हटलं तर तोंड घट्ट मिटून बसल्या. "तू नको. बाहेरच्या माणसाचं मत घेते."

"आई, सकाळी तर तुम्ही अख्खं सफरचंद खाल्लंत."

"त्यानेच दुखायला लागली असेल."

नवरोबा उद्या अर्ध्या दिवसाची रजा काढून त्यांना घेऊन जाणार आहे. कुठे, विचारलं, तर म्हणाला, "तज्ज्ञाकडे." आणि भाजी चिरता चिरता शीळ घालायला लागला. घरात एक माणूस दुखण्याने हैराण आहे आणि हा शीळ घालतोय.

मला वाईट वाटलं हे खरं. बेट गेलं तेही माझ्यामुळे, आणि आता कवळीवरचाही विश्वास उडाला त्यांचा. डॉक्टरीणबाईंनी आज दोन कामं पाठवली तरी मन लागलं नाही.

१९ मार्च, बुधवार

जेवायच्या सुट्टीत घरी आले, घरात कुणी नाही. पोळी तव्यावर टाकली आणि फोन वाजला. जुन्या लॅबचा नंबर! उचलू की नको असं करत उचलला.

"हॅलो, लाइनवर राहा," आईंचा आवाज, पण असा काही कडक नि गोड की पदर सावरावा तसा मी ड्रेस सावरला.

"आई? तुम्ही तिथे काय करताय?"

"ते नंतर. टीव्हीसमोर ये. तो खोका सुरू कर. साहेब शेजारी बसलेत."

"मी त्यांच्याशी..."

"इथे फार खरखर आहे. मोठ्याने बोल!"

कसली आलीय खरखर! आवाज काचेसारखा स्वच्छ होता. पण मी आपली ओरडले, "नमस्कार साहेब!"

पलीकडून त्यांचाही मोठा आवाज. "अगं ते आकडे तू पाठवत होतीस होय! दोन आठवडे झाले, उठलो की सहा आकडे, झोपलो की सहा आकडे. मला वाटलं कुणीतरी माझी बँक लुटतंय! पासवर्ड बदलून बदलून आता मलाच आठवत नाही."

"सॉरी साहेब!"

"ह्या बाई आल्या, म्हणाल्या कवळी दुखते. मी तपासली. म्हटलं, बाई, ह्यात दुखण्यासारखं काही नाही, हे काम कुणाच्या हातचं ते मी डोळे मिटूनही ओळखेन. तर म्हणतात, मग जिने केलंय तिच्याशी बोलायला तुम्हाला काय दुखतंय?"

पोळी जळाल्याचा वास आला, जळू दे म्हटलं.

"बटण दाब," आई म्हणाल्या.

"दाबलं!"

"आला," साहेब म्हणाले. "चार... थांब, चष्मा... चार, शून्य, सात की एक आहे हा..." तोवर वेळ संपली. परत दाबलं. ह्या वेळी आईंनी फोन हातात घेऊन स्वतः आकडे वाचले, एकेक सुटा, एकेक स्पष्ट, जणू कुणाचा ट्रंक कॉल जोडतायत. मी टाकत गेले. पडदा काळा झाला. मग निळं पाणी, मग दीपगृह.

"उघडलं!" मी किंचाळले. पलीकडून आई ओरडल्या, साहेब ओरडले, मागून नवरोबाही ओरडल्याचं ऐकू आलं. रजा काढून तिथेच बसला होता लबाड! माझ्या पाठीमागे सगळं घर ह्या कटात सामील, आणि मी आपली कवळीच्या काळजीत.

ओरडा ओसरल्यावर साहेब म्हणाले, "हे बेट बेट म्हणतात ते नक्की काय असतं?" आई त्यांना सांगायला लागल्या. बोकडापर्यंत आल्या तेव्हा मीच फोन मागून घेतला.

"साहेब, त्या दिवशी..."

"त्या दिवशी मला काय बोलावं सुचेना," ते म्हणाले. मग घसा खाकरून कामाच्या आवाजात, "समोरच्या दाताची एक कॅप आहे. शेड जुळत नाही. इथे तुझ्यासारखा डोळा कुणाला नाही. पाठवू का तुझ्याकडे?"

"पाठवा की!"

"आईंबरोबरच देतो. चहा घेतायत त्या. दुसरा."

२३ मार्च, रविवार

दोन आठवडे बेट वाऱ्यावर होतं. संत्री पिकून झाडाखाली नुसता सडा. धक्क्याच्या फळ्या निखळल्या. मॅनेजर कसा कोण जाणे दीपगृहाच्या टोकावर जाऊन बसलाय आणि उतरायला तयार नाही. आज सबंध दिवस साफसफाई केली. आई म्हणाल्या, "तू बागेत जा, मी फळ्यांचं बघते," आणि मी पहिल्यांदाच बागेत गेले, नाहीतर बाग म्हणजे त्यांचा प्रांत. बोलण्यात दाढ निघाली, साहेबांची कॅप निघाली (शेड जुळली, ते फोन करून 'हं' म्हणाले, आणि त्यांचं 'हं' म्हणजे काय ते मला माहीत आहे), एक्स्चेंजमधली एक मैत्रीण निघाली, आईंच्या लग्नाला तिने पाठवलेली तार निघाली.

नवरोबाने विचारलं, "जेवणार आहात की संत्री खाऊनच झोपणार?"

आईंची बोटं आता छान वळतात. हे सगळं त्यासाठीच तर आहे.

२८ मार्च, शुक्रवार

आई सकाळी म्हणाल्या, "बेट तुझ्या नावावर आहे."

"हो."

"म्हणजे तू पुन्हा पत्ता बदललास की मी समुद्रात."

"आता नाही बदलणार."

"कशावरून?" आणि म्हणाल्या, मला माझं वेगळं हवं. स्वतःचा ईमेल, स्वतःचं खातं. दुपारी नवरोबाला बसवून करूनही घेतलं. पासवर्ड काय ठेवला ते दोघांनी मला सांगितलं नाही. आयुष्यातला पहिला पत्ता जो फक्त त्यांचा आहे, असं त्या दोनदा म्हणाल्या. इतक्या खूश होत्या की मलाही टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पण खरं सांगू? संध्याकाळी मी जरा खट्टू झाले. त्यांचं खातं वेगळं म्हणजे त्यांचं बेट वेगळं. त्यांना जमतं सगळं, माझ्या बोटीची त्यांना काय गरज? चांगलंच आहे. माझी संध्याकाळ मोकळी होईल, कामं साठलीयत. डॉक्टरीणबाईंनी आज एक अख्खी कवळी पाठवली, तिच्याकडे लक्ष देता येईल.

२९ मार्च, शनिवार

लॅबमधून जरा उशिराच निघाले, मुद्दाम. घरी आले तर आई सोफ्यावर त्यांच्या नेहमीच्या बाजूला, आणि माझी बाजू रिकामी. चहा झाकून ठेवलेला. टीव्ही सुरू.

"बस," म्हणाल्या. पडद्याकडे बोटही केलं नाही, खिडकीबाहेर बघत होत्या, जणू रस्त्यावर फार महत्त्वाचं काही चाललंय.

पडद्यावर माझ्या खात्यात एक निरोप आला होता. 'एका व्यक्तीने तुम्हाला मैत्रीची विनंती पाठवली आहे.' खाली आईंचं नाव. नुसतं त्यांचं नाव, माहेरच्या आडनावासकट, जे मी कधी लिहिलेलं पाहिलं नव्हतं. त्याखाली दोन बटणं, 'स्वीकारा' आणि 'नाकारा'.

पर्स खांद्यावरून न काढताच मी ते नाव दोनदा वाचलं.

"काय ते ठरव बाई लवकर," त्या खिडकीला म्हणाल्या. "तुझा नवरा सांगत होता, दोन्ही खाती जोडली की एकाच बेटावर येता येतं म्हणून. नसेल जमत तर तसं सांग."

माझे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी बघू नये म्हणून मीही खिडकीकडे बघितलं. तिथे एक माणूस छत्री झटकत होता, बाकी काही नाही. दोघी मन लावून त्याच्याकडे बघत राहिलो. मग मी बटण दाबलं. घाईत दोनदा दाबलं गेलं.

"एकदाच दाबायचं असतं," आई म्हणाल्या आणि दुसरा कंट्रोलर उचलला.

पडद्यावर धक्क्याला एक नवीन बोट लागली. तिच्यातून लाल फ्रॉक घातलेली, दोन वेण्यांची, जेमतेम वीस वर्षांची एक मुलगी टुणकन उतरली आणि माझी वाट न बघता बागेकडे पळत सुटली.